मुलाखतीचे प्रश्न गोडाऊनमध्येच सापडतील

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार.

मी नागपूरला गांधीबागेत औषधांची होलसेल एजन्सी चालवते. बाबांनी सुरू केलेली, आता माझ्याकडे आहे. शहरातल्या दुकानांखेरीज काटोल, सावनेर, उमरेडकडची मेडिकल स्टोअर्स आमच्याकडून माल घेतात. आम्हाला गोडाऊन इनचार्ज हवा आहे. याआधी दोघांना घेऊन पाहिलं. पहिला इतका छान बोलला की त्याच दिवशी हो म्हटलं. पुढे कळलं की कोणत्या रॅकमध्ये काय आहे हे त्याला कधीच सांगता यायचं नाही. दुसरा नात्यातल्या ओळखीचा. त्याच्या हातून एक्स्पायरी जवळ आलेला माल काटोलच्या पार्टीला गेला आणि पार्टीने सगळंच पेमेंट अडवलं.

येत्या रविवारी पाच जण मुलाखतीला येतायत. त्यात एक मुलगी आहे. मी इंटरनेटवरून पन्नास प्रश्न उतरवून घेतलेत, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता', 'तुमची कमजोरी कोणती' असे. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, 'नागपुरात ऑटो किती असतील असं कोडं घाल, डोकं कळतं.' काका माझ्यासोबत बसणार आहेत. त्यांचं म्हणणं, 'दोन मिनिटं बोलला की माणूस कळते, प्रश्न कायले काढतेस?'

नक्की काय विचारावं? त्या मुलीला लग्नाचं विचारलं तर चालेल का? वर्षभरात सोडून गेली तर पुन्हा हेच सगळं. आणि पगाराचं कधी बोलायचं?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, नमस्कार.

पन्नास प्रश्नांचा तो कागद बाजूला ठेवा. ते प्रश्न तुम्ही जिथून उतरवले, तिथूनच येणाऱ्या उमेदवाराने त्यांची उत्तरं उतरवलेली असतात. 'कमजोरी कोणती' म्हटलं की 'मला काम अर्धवट सोडवत नाही' असं उत्तर येतं. ते ऐकून तुम्हाला एवढंच कळतं की हा आधी चार ठिकाणी मुलाखतीला बसून आलाय. पाच वर्षांनी तो स्वतःला कुठे बघतो, हे कळून तुम्ही करणार काय? 'तुमच्याच गोडाऊनमध्ये' म्हणाला तर घेणार आणि 'स्वतःचं मेडिकल टाकीन' म्हणाला तर नाही घेणार? दुसरा निदान खरं तरी बोलला!

कोणताही प्रश्न यादीत घेण्याआधी स्वतःला विचारा, की याचं काय उत्तर आलं तर माझा निर्णय बदलेल. ते सांगता आलं नाही तर प्रश्न खोडा. पन्नासातले चाळीसेक तिथेच जातील.

भाच्याचं कोडंही त्यातच जाईल. अशा कोड्यांसाठी गूगल एके काळी प्रसिद्ध होती. तिथे मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या लॅझलो बॉक यांनी २०१३ साली उघडपणे सांगितलं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, त्यातून पुढच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं. औषधांचं गोडाऊन सांभाळणाऱ्याला शहरातले ऑटो मोजायचे नसतात, त्याला स्ट्रिपा मोजायच्या असतात.

मग प्रश्न आणायचे कुठून? तुमच्या पत्रातच दोन आहेत. पहिल्या माणसाला रॅक माहीत नव्हते, दुसऱ्याने एक्स्पायरी बघितली नाही. म्हणजे हे काम कुठे फसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता एक संध्याकाळ काढा, परत आलेल्या मालाच्या नोंदी आणि क्रेडिट नोटांची (परत मालाचे पैसे पार्टीला वळते केल्याच्या कागदांची) फाईल घेऊन बसा. गेल्या दोन वर्षांत कशा कशामुळे पैसे गेले, पार्टी कशावरून चिडली, ते लिहून काढा. पॅकिंगला जो सगळ्यांत जुना माणूस असेल त्यालाही विचारा. कोणत्या दिवशी इनचार्जमुळे सगळं निभावलं, तेही लिहा. प्रसंगच लिहा, 'जबाबदार हवा', 'प्रामाणिक हवा' असली विशेषणं लिहू नका.

ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी माणसं निवडताना जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाने ती वापरली आणि १९५४ साली सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. चांगला वैमानिक कसा असावा यावर मतं गोळा करत बसण्याऐवजी त्यांनी कोणत्या प्रसंगी कुणी नेमकं काय केलं म्हणून काम साधलं किंवा फसलं, ते जमवलं. तुमच्या कामाला ते जसंच्या तसं लागू पडतं.

एक प्रश्न आपण इथेच तयार करू. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर पारा ४५ च्या वर. इन्सुलिनचा थर्माकोलचा डबा येतो. उघडून बघता तर आइस पॅकचं पाणी झालेलं. ड्रायव्हर घाईत आहे, 'सही द्या जी लवकर, मले पुढे वर्ध्याले जायचं हाये.' मालकीणबाई फोन उचलत नाहीत. तुम्ही काय कराल?

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि उन्हाने एकदा बिघडलं की पुन्हा गार केल्याने ते सुधारत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा उमेदवार येण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, की चांगलं उत्तर कोणतं. माझ्या मते ते असं: चलानवर शेरा लिहून मगच सही, आइस पॅकचा आणि डब्याचा फोटो, माल फ्रिजमध्येच पण चांगल्या मालापासून वेगळा आणि 'विकू नये' अशी चिठ्ठी लावून, आणि लगेच कंपनीच्या डेपोला फोन. मधलं उत्तर, 'मी माल घेणारच नाही, परत पाठवीन.' यात सावधपणा आहे, पण तो डबा त्याच उन्हात पुढे फिरेल याचा विचार नाही आणि नोंदही नाही. वाईट उत्तर म्हणजे सही करून डबा फ्रिजमध्ये टाकणं, 'होऊन जाईल गार.' पहिल्याला पाच, मधल्याला तीन, शेवटच्याला एक गुण. उत्तर ऐकल्यावर गुण ठरवायला बसलात तर जो आवडला त्याचंच उत्तर बरोबर वाटू लागतं.

असाच एक छोटा, माहितीचा प्रश्न घ्या. रॅकमध्ये एकाच गोळीच्या तीन बॅच आहेत, आधी कोणती काढाल? 'जी आधी आली ती,' असं बरेच जण पटकन सांगतात. किराणा दुकानात ते खपून जाईल. औषधांत जिची एक्स्पायरी आधी ती आधी जायला हवी, मग ती काल आलेली का असेना. काटोलची भानगड बहुधा इथेच झाली असणार.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींचे. 'तुम्ही चुका झाल्यावर काय करता?' असं विचारलंत की उपदेश ऐकायला मिळतो. त्यापेक्षा म्हणा, 'तुम्ही पाठवलेला माल चुकीचा निघाला, अशी एखादी वेळ सांगा. कसं कळलं? सगळ्यांत आधी कुणाला फोन केला?' आणि मग गप्प बसा. खरी आठवण बाहेर यायला वेळ लागतो. आपल्याला ती शांतता सोसवत नाही म्हणून आपणच सुचवायला लागतो, 'म्हणजे तुम्ही साहेबांना सांगितलं असेल नं?' की तो सुटला. त्याला आठवू द्या. 'आम्ही सगळं पुन्हा चेक केलं' म्हणाला तर शांतपणे विचारा, त्यात तुमच्याकडे काय होतं? ज्याने खरंच केलंय तो तपशिलात शिरतो: बिल कोणत्या पार्टीचं, खोकं कुठे सापडलं, मालक किती रागावला. ज्याने केलेलं नाही त्याचं बोलणं इथे गोलगोल फिरू लागतं.

नवख्या मुलाला गोडाऊनचा अनुभव नसेल तर त्याला शाळेतलं, घरच्या दुकानातलं, गणपती मंडळाच्या हिशेबातलं उदाहरण चालेल असं आधीच सांगा. सांभाळून ठेवण्याची सवय कुठेही दिसते.

आणि हे जरूर करा: अर्धा तास बोलून झाल्यावर पंधरा मिनिटं काम करायला द्या. टेबलावर दहा औषधांची खोकी आणि त्यांचं बिल ठेवा. एका खोक्यावरचा बॅच नंबर एका अक्षराने वेगळा असू द्या, एकाची एक्स्पायरी दोन महिन्यांवर आलेली, एकात एक स्ट्रिप कमी. 'हा माल उमरेडला जायचाय, बिलाशी लावून बघा,' एवढंच सांगा आणि दूर बसा. कुणी नुसती खोकी मोजून 'दहा आहेत, बरोबर' म्हणेल. कुणी प्रत्येक खोकं उलटून छापील मजकूर बोटाने वाचेल, स्ट्रिप बाहेर काढेल, बिलावर बरोबरची खूण करत जाईल आणि अडलं तर विचारेल की 'दोन महिन्यांचा माल पार्टीला चालतो का?' हा विचारणारा माणूस तिन्ही चुकांपैकी दोनच पकडू शकला तरी मी त्याला वर ठेवीन. तुमचा पहिला, छान बोलणारा उमेदवार या टेबलापाशी उघडा पडला असता. फक्त हे पंधरा मिनिटांतच आटपा. 'दोन दिवस काम करून दाखव' म्हणून फुकट राबवून घेणाऱ्यांतल्या तुम्ही होऊ नका. पूर्ण दिवस बघायचं असेल तर त्या दिवसाचे पैसे द्या.

आता काकांचा मुद्दा. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण 'दोन मिनिटांत माणूस कळते' हे बहुतेकांना वाटतं आणि बहुतेकांचं ते चुकतं. कामाचा अंदाज कशावरून बांधता येतो यावर शंभर वर्षांहून अधिक काळ संशोधन झालंय. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुन्हा एकत्र हिशेब मांडला. १ म्हणजे अचूक भाकीत आणि ० म्हणजे चिठ्ठी टाकण्यासारखं, असं धरलं तर सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून, ठरलेल्या कसोटीवर गुण देणाऱ्या मुलाखतीला ०.४२ मिळतात. मनात येईल ते विचारत झालेल्या गप्पांना ०.१९. नुसत्या अनुभवाच्या वर्षांना तर ०.०७. म्हणजे सर्वांत चांगली मुलाखतही माणूस आरपार दाखवत नाही, पण ठरवून घेतलेली आणि गप्पा मारत घेतलेली यांत दुपटीहून जास्त फरक आहे. 'दहा वर्षं याच लाईनीत आहे' या वाक्यावर फार भाळू नका, तेही यातून घ्यायचं.

काकांना अजय हासिया खटल्याबद्दलही सांगा. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न वडील कोण, राहता कुठे असले. लेखीत चांगले गुण असलेली मुलं तिथे मागे पडली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं की मुलाखतीला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा देणं मनमानीचं आहे. १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांची मुलाखतच बंद केली. तुमच्याकडे लेखी परीक्षा नाही, तेव्हा मुलाखत लागेल. ती दोन मिनिटांची आणि 'कोणाचा कोण'वाली नसली म्हणजे झालं.

काकांना मान देऊन बसवा. त्यांच्या हाती प्रश्नांचा आणि गुणांचा कागद द्या. पाचही जणांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक जण गेल्यावर दोघांनी आपापले गुण लिहायचे, आधी एकमेकांशी बोलायचं नाही. वडीलधाऱ्यांनी 'पोरगा चांगला आहे' म्हटलं की आपल्याकडे दुसऱ्याची पेन्सिल थांबते. गुण लिहून झाल्यावर खुशाल वाद घाला. जिथे तुमचे पाच आणि त्यांचे दोन असतील तिथेच बोलायला काही असतं.

त्या मुलीला लग्नाचं विचारू नका. तुमची काळजी मला समजते, पण हा प्रश्न तुम्ही त्या चार मुलांना विचारणार नाही आहात, आणि ते चौघेही वर्षभरात सोडून जाऊ शकतात. तुमचे आधीचे दोघे लग्नामुळे गेले नव्हते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरतीच्या वेळी स्त्रियांशी भेदभाव करू नये असं स्पष्ट म्हटलंय. त्याआधी १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आयुर्विमा महामंडळाचं प्रकरण आलं होतं. नोकरीच्या वेळी बायकांकडून जो फॉर्म भरून घेत, त्यात मासिक पाळीचे, गरोदरपणाचे तपशील मागितलेले. न्यायालयाने ते रकाने लाजिरवाणे, किंबहुना अपमानास्पद ठरवून काढून टाकायला सांगितले आणि दाद मागायला आलेल्या, नोकरीवरून काढलेल्या कर्मचारी बाईंना परत घ्यायला लावलं. लग्नाचा प्रश्न सौम्य वाटतो, पण त्याची जात तीच आहे.

तुम्हाला खरं जे हवंय ते थेट विचारा, आणि सगळ्यांना विचारा. 'महिनाअखेरीस स्टॉक मोजायला रात्री आठपर्यंत थांबावं लागतं. जमेल का? काही अडचण असेल तर आत्ताच सांगा.' कामठीहून येणाऱ्या मुलाची शेवटची बस हा तुमच्यासाठी तितकाच मोठा प्रश्न आहे.

'मूळचे कुठले? आडनावावरून तिकडचे वाटता' हेही टाळा. आपल्याकडे हे आपुलकीने विचारलं जातं, पण त्यातून विचारणाऱ्याला जात कळते आणि सांगणाऱ्याला ते समजतं. त्यानंतर तो मोकळा बोलत नाही. सुरुवातीला जरा सैल करायचं असेल तर येताना ट्रॅफिक लागलं का विचारा, पाणी द्या. भाषेचं बंधन घालू नका. कुणी हिंदीत बोलेल, कुणी अर्धं मराठी अर्धं हिंदी. खोक्यावरचं इंग्रजी वाचता येणं पुरे.

पगाराचा आकडा रविवारची वाट न बघता फोनवरच सांगून टाका. उन्हातून यायचं, तासभर बसायचं आणि शेवटी कळायचं की इतक्यात आपलं घर चालत नाही, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये. आधीचा पगार विचारून त्यावर हजार-दोन हजार चढवायची रीत मला पटत नाही. काम तुमचं आहे, त्याचं मोल तुम्ही ठरवा.

ओळखीचा माणूस घेणं वाईट नाही, तो न तपासता घेणं वाईट. आवडलेल्या उमेदवाराच्या आधीच्या मालकाला फोन करा, पण त्याला विचारून. दवाबाजारात बातमी चहा गार व्हायच्या आत पोचते, आणि तो अजून तिथेच कामाला असेल तर तुमच्या एका फोनने त्याची आहे ती नोकरी जाईल. आत्ताच्या मालकाऐवजी त्याच्या आधीचा चालेल. त्यांना 'कसा आहे?' विचारलंत तर 'चांगला आहे' एवढंच ऐकू येईल. 'जागा असती तर पुन्हा ठेवला असता का?' असं विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐका.

शेवटची दहा मिनिटं उमेदवारासाठी राखून ठेवा. 'तुम्हाला काय विचारायचंय?' यावर पगार-सुट्टीचे प्रश्न येतील, ते रास्तच आहेत, नीट उत्तरं द्या. पण कुणी विचारलं की 'लाईट गेली तर फ्रिजला जनरेटर आहे का?', 'एक्स्पायरीचा माल वेगळा ठेवायला जागा आहे का?', तर कान टवकारा. हा माणूस मनाने गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहिलाय. या प्रश्नांना मी गुण ठेवत नाही, कारण लाजाळू माणूस पहिल्या भेटीत विचारत नाही आणि कामाला वाघ असतो. कागदावर नोंद मात्र करा. दोघांचे गुण सारखे आले तर उपयोगी पडेल.

एका उमेदवाराला तासभर धरा आणि पाचही जणांना सकाळी दहाला बोलावून बाकावर बसवू नका. ज्याची त्याला वेगळी वेळ द्या. इन्सुलिनचा आणि बॅचचा असे दोन प्रश्न मी दिलेत, चुकीच्या मालाचा तिसरा. आणखी दोन-तीन तुमच्या क्रेडिट नोटांच्या फाईलमधून निघतील, त्याहून जास्त नकोत. निर्णय झाला की ज्याला घेताय त्याचा आधी होकार घ्या, आणि मंगळवारपर्यंत बाकीच्या चौघांनाही स्वतः फोन करा. 'यावेळी दुसऱ्याला घेतोय, तुम्ही बिल तपासताना स्ट्रिप काढून बघितली ते मला आवडलं' असं एखादं खरं वाक्य सांगता आलं तर सांगा. दोन नंबरवर जो असेल त्याचा नंबर जपून ठेवा.